खोकल्याची सुई अन् न्यूमोनिया

सूरजागडची बातमी म्हणजे खाण, ट्रक नाहीतर नक्षल. त्यामुळे ही पोस्ट किती जण वाचतील कोण जाणे, पण लिहितो.

पावसाळा लागला की आपल्या एटापल्ली पट्ट्यात लेकरं खोकलायला लागतात आणि मोटारसायकलवरचा 'डॉक्टर' गावात येतो. साधी सर्दी असली तरी एक सुई अन् कागदात बांधलेल्या चार गोळ्या. गोळीचं नावही कुणाला ठाऊक नसतं. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या ठेवून द्यायच्या, पुढच्या खेपेला दुसऱ्या लेकराला.

मित्रांनो, याच जिल्ह्यात १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या दायांच्या आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती न्यूमोनियाचं औषध दिलं. फार पुढचे आकडे न येणाऱ्या दायांसाठी मणी सरकवायचं साधं साधन बनवलं. श्वास मोजायचा, वेग जास्त असेल तरच को-ट्रायमोक्साझोल. उपचार मिळालेल्या लेकरांत मृत्यू ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५! १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

आज तेच औषध मागे पडलंय. न्यूमोकोकस त्याला दाद देईनासा झाला हे त्याचं एक मोठं कारण. आता जागतिक आरोग्य संघटना अमॉक्सिसिलिन द्यायला सांगते. तेही असंच उधळलं तर?

बरं, न्यूमोनियाही एका जातीचा नाही. विषाणूचा असेल तर अँटिबायोटिक फुकट जातं. मायकोप्लाझ्मावर अमॉक्सिसिलिन चालतच नाही. आणि दवाखान्यात व्हेंटिलेटरवर जडणारा सगळ्यांत वाईट. तिथले क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर कित्येकदा मेरोपेनेमलाही जुमानत नाहीत. मग उरतं कोलिस्टिन, जे किडनीला झेपेलच असं नाही.

कायदा आहे. २०१४ पासून बऱ्याच जोरकस अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. चिठ्ठी नसेल तर विक्री नाही. कधी दुकानात गेलात तर ते रजिस्टर दाखवा म्हणा, चेहरा बघण्यासारखा होतो.

घरी एवढं करा. लेकरू शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर सुईवाल्याची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा. न्यूमोकोकसची पीसीव्ही लसही तिथे मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. लसीचं कार्ड आजच काढून बघा.