फोटोत नसलेला पोचा

मोटारींचे फोटो काढण्याचा नाद मला लागला तेव्हा माझ्याजवळ मोटार नव्हती, आणि कॅमेराही नव्हता. २००५ च्या सुमारास मराठीत एम. ए. करण्यासाठी मी औरंगाबादला राहत होतो (शहराचे नाव तेव्हा तेच होते). खोलीतला सोबती अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याच्या मित्रांपैकी एकाजवळ डिजिटल कॅमेरा होता, दुसऱ्याजवळ वडिलांची गाडी. रविवारी पहाटे ही मंडळी देवगिरीच्या वाटेला लागत, आणि गाडी पुसायला एक हात जास्त हवा म्हणून मलाही सोबत घेत.

या हौशी लोकांचे एक शास्त्र होते आणि ते आमच्या काव्यशास्त्राइतकेच काटेकोर होते. फोटो उभ्याने काढायचा नाही. गुडघे टेकून डोळा हेडलाइटच्या उंचीवर आणायचा, म्हणजे गाडी रुबाबदार दिसते. पुढची चाके अशी वळवायची की टायरची नक्षी न दिसता चाकाचा चेहरा दिसावा. भिंग लांब पल्ल्याचे लावून आपण मागे सरकायचे; जवळून रुंद भिंगाने काढले तर बॉनेट घोड्याच्या तोंडासारखे लांबते. आणि ऊन चढण्याआधी आवरायचे.

खरी अडचण मात्र प्रतिबिंबाची. रंगवलेला पत्रा हा आरसाच असतो. त्यात आभाळ उतरते, विजेचा खांब वाकतो, झाडे पसरतात आणि कॅमेरा धरलेला माणूसही येतो. काचेवरची नि बॉनेटवरची तिरकस चकाकी पोलरायझर नावाची फिरती काच लावून बरीचशी मारता येते. पण दारासमोर सरळ उभे राहिले की ती काच निकामी ठरते, कारण समोरून थेट परतणारा प्रकाश तिला अडवता येत नाही. म्हणजे गाडीतून सगळे काही काढता येते, फक्त काढणाऱ्याला नाही. मला त्या वयात हा सिद्धान्त फार आवडला होता. लेखकाच्या अनुपस्थितीविषयी आम्ही वर्गात जे काही ऐकत होतो त्याला परस्पर उत्तर मिळाल्यासारखे वाटे.

यावर उपाय संगणकात होता. तेव्हा फोटोशॉपची चकती कोणाकडून तरी कोणाकडे तरी फिरत असे. त्यात शिक्का मारल्यासारखे एक साधन आहे: फोटोतला शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि नको त्या जागेवर चढवायचा. त्याने खांब गेले, तारा गेल्या, रस्त्यावरचे शेण गेले, नंबरप्लेट कोरी झाली. पुढे एकाच दृश्याचे कमीजास्त प्रकाशातले तीन फोटो एकत्र करण्याची साथ आली आणि दोनेक वर्षे प्रत्येक गाडीच्या मागे प्रलयकाळचे ढग दाटले. त्यांतले पुष्कळसे आज पाहवत नाहीत. सर्वांत कौतुकाची करामत निराळीच होती. गाडीला लांब दांडी बांधायची, तिच्या टोकाला कॅमेरा लावायचा, शटर सेकंद-दोन सेकंद उघडे ठेवायचे आणि गाडी हाताने ढकलायची. फोटोत रस्ता वाऱ्यासारखा मागे धावतो, गाडी स्थिर राहते. मग ती दांडी पुसून टाकायची. गाडी ताशी शंभराने निघाली आहे असे बघणाऱ्याला वाटते. ती ढकलणाऱ्यांत मी असे.

याच नादात झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराचा एक फोटो पाहण्यात आला. १९१२ किंवा १९१३ सालच्या मोटारशर्यतीतला. लार्तिग तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा, केवळ हौशी मुलगा. धावत्या गाडीबरोबर त्याने कॅमेरा फिरवला. पण त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट हळूहळू सरकणारी असल्याने गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक मागे कलले. गाडीचा पुढचा भाग तर चौकटीबाहेरच राहिला. त्याने तो फोटो फसला म्हणून बाजूला ठेवला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन झाले तेव्हा जगाने तो लार्तिग पाहिला, आणि आज वेग म्हटला की तोच फोटो दाखवतात. आमच्या गटात हा फोटो मी मोठ्या अपेक्षेने दाखवला. एक जण म्हणाला, "चाक सरळ करता येईल."

तीर्थपुरीला, आमच्या गावी, ही विद्या अगदीच नवी नव्हती. माझ्या लहानपणी बाजारातल्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे पुठ्ठ्याची मोटार असे. तिच्या दारामागे उभे राहून कोपर खिडकीत टेकायचे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून फोटोग्राफर चेहऱ्यावरचे देवीचे व्रण भरून काढी, आणि त्याबद्दल त्याला कोणी खोटारडा म्हणत नसे. उलट स्थळ पाहताना तो फोटो हक्काने पाठवला जाई. नंतर जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, ऊस आणि साखर कारखाना यांनी घनसावंगी तालुक्यात काही घरांपुढे खऱ्याच मोटारी उभ्या केल्या, आणि पुठ्ठ्याची गाडी माळ्यावर गेली.

आमच्या दारात आली ती जुनी, गडद निळी मारुती ८००. एम. एच. २१, म्हणजे जालन्याची. वडिलांनी, अण्णांनी, ती एका डॉक्टरांकडून घेतली होती. तिच्या डाव्या मागच्या दाराला बशीएवढा पोचा होता. तो २००४ च्या पावसाळ्यात पडला. शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, वीज गेलेली, अण्णांनी घाईने गाडी मागे घेऊन वळवली आणि बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी दाराला लागली. जालन्याला पोहोचल्यावर तासाभरात तिला मुलगी झाली. पोचा काढून घ्या म्हणून आम्ही पुष्कळदा सांगितले. डेंटिंगवाला सांगतो ते पैसे फार आहेत आणि जुन्या रंगाला नवा रंग मिळत नाही, एवढेच अण्णा म्हणत. त्यात भावनेचा भाग किती होता हे मी कधी विचारले नाही.

२०१३ मध्ये अण्णांचे डोळे अधू झाले आणि गाडी विकायची ठरली. मी तोवर जालन्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो होतो. विकण्यासाठी फोटो मीच काढले. दिवाळीची सुट्टी होती, संध्याकाळचे ऊन तिरपे आले होते. गाडी धुतली, चाके वळवली, गुडघे टेकले. मागे अण्णा फडके घेऊन उभे होते. फोटो संगणकावर घेतल्यावर हात आपोआप चालू लागला: अंगणातली दोरी काढली, कोंबडी काढली, आभाळ जरा गडद केले आणि मग दारावरचा पोचा. शेजारचा निळा तुकडा उचलून तीन-चारदा चढवला. पाच मिनिटेही लागली नसतील. आपण कोणाला फसवतो आहोत असे मनातही आले नाही; फोटो चांगला करतो आहोत एवढेच वाटत होते. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. मला आजही त्या न वाटण्याचीच जास्त धास्ती वाटते.

फोटो पाहून परतूर तालुक्यातल्या एका गावाहून एक गृहस्थ दोन एस. टी. बदलून आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मुलीच्या सासरी देण्यासाठी गाडी हवी होती. अण्णांनी पाणी दिले. ते गाडीभोवती सावकाश फिरले, डाव्या बाजूला थांबले, आणि तळहात त्या पोच्यात ठेवून म्हणाले, "सर, फोटोत हे नव्हतं."

मी काहीतरी पुटपुटलो. प्रकाशाचा कोन वगैरे. अण्णांना काही कळेना. "नव्हतं म्हणजे? नऊ वर्षं झाली, तिथंच आहे ते," ते म्हणाले. गृहस्थांनी खिशातून फोन काढून त्यांना दाखवला. अण्णांनी तो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. "माझ्या हातून झालंय ते," ते पाहुण्यांना म्हणाले, "किमतीतून वजा करा."

"पोच्याचं काय एवढं, काका," गृहस्थ म्हणाले. "पोचा चालतो. पण दारावरचं झाकलं, तर इंजिनात काय झाकलंय ते मला कसं कळावं?"

इंजिनात काही झाकलेले नव्हते. पण ते सिद्ध करण्याचा अधिकार मी गमावून बसलो होतो. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, अण्णा त्यांना स्टँडवर पोहोचवून आले. त्याच गाडीने. त्याविषयी घरात पुन्हा शब्द निघाला नाही. दीड महिन्याने गाडी गावातच, बरीच कमी किमतीला गेली.

मराठीत 'संपादन' या शब्दाला दोन अर्थ आहेत. आपण मजकुराचे संपादन करतो, आणि लोकांचा विश्वासही संपादन करतो. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिताना मला त्या गृहस्थांचा तळहात दिसतो. कोणती दुरुस्ती रास्त आणि कोणती नव्हे, याचा नियम मला अजून करता आलेला नाही. अंधार उजळला तर चालते का? बहुधा चालते. दोरी आणि कोंबडी? ती गाडीची नव्हती. पण पोलरायझरने मारलेली चकाकी तरी खरीच होती ना? पेन्सिलीने भरलेले देवीचे व्रण तरी कोणाच्या चेहऱ्यावरचे होते? मुले आत्मपर निबंध लिहून आणतात. त्यांत गरिबी असते, आईचे कष्ट असतात, सगळे घासूनपुसून प्रकाशात उभे केलेले असते, आणि मी समासात 'अनावश्यक तपशील' असा शेरा मारायला लाल पेन उचलतो नि पुष्कळदा खाली ठेवतो.

गेल्या वर्षी भाच्याने नवी गाडी घेतली. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जाऊ लागल्यापासून त्याला फोटोंसाठी नवे मैदान मिळाले आहे. मोबाइलवर नको त्या वस्तूभोवती बोट फिरवले की ती नाहीशी होते आणि मागे जे काही असायला हवे ते यंत्र स्वतःच रचते. आमच्या शिक्क्याला निदान शेजारचा खरा तुकडा लागत असे. त्याने मला माझे जुने फोटो मागितले, म्हणून मी ती हार्ड डिस्क काढली. मारुतीचे दोन्ही फोटो तिथे निघाले, पुसलेला आणि मूळचा.

मूळचा मी मोठा करून पाहिला. सपाट दारात मी आहे, गुडघे टेकलेला, चेहऱ्याच्या जागी कॅमेरा. त्याला मी तेव्हाच पुसले होते. पोच्याचा पत्रा आत गेलेला, त्यामुळे त्यात सगळे उलटे नि इवलेसे उमटले आहे. खाली आभाळ आहे, वर अंगण. आणि अंगणातून लोंबत असल्यासारखे, हातात फडके धरून उभे असलेले अण्णा.