परतीची वाट

घरातील दिव्याला दोन तारा जातात, एक वीज आणणारी आणि दुसरी ती परत नेणारी. मोटारीत मात्र बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार हेडलाइटपर्यंत, हॉर्नपर्यंत किंवा डेकपर्यंत गेलेली दिसते आणि तिच्या परतीची तार बहुतेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही, कारण बॅटरीचे ऋण टोक जाड केबलने गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते आणि प्रवाह त्या पत्र्यातूनच परततो. जमिनीशी काहीही संबंध नसताना या व्यवस्थेला गॅरेजमध्ये ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. तिच्यामुळे तांबे वाचते आणि वजनही वाचते, परंतु स्टार्टर, पंखा, दिवे, इंजिनाचा संगणक आणि संगीत या सगळ्यांचे प्रवाह एकाच पत्र्यावरून परतत असल्याने त्या वाटेवर गर्दी होते. मोटारीत स्टिरिओ बसवण्याच्या कामाचे मर्म याच परतीच्या वाटेत आहे. भलत्या वाटेने गेलेला मोठा प्रवाह आग लावतो आणि भलत्या वाटेने गेलेला सूक्ष्म प्रवाह स्पीकरमधून खरखर किंवा शीळ होऊन बाहेर पडतो. म्हणून सुरक्षित वायरिंग आणि स्वच्छ आवाज ही एकाच शिस्तीची दोन फळे आहेत.

बारा व्होल्ट हा आकडा ऐकून निर्धास्त होणे ही या कामातील पहिली चूक होय. एवढ्या विद्युतदाबाचा झटका सहसा माणसाला जाणवत नाही हे खरे. परंतु शिसे आणि आम्ल यांच्या सहा घटांनी बनलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो की तिची दोन टोके एखाद्या पान्याने जोडली गेली तर त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि त्या ठिणगीने बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. काम सुरू करताना ऋण टोक आधी सोडवावे आणि संपवताना ते शेवटी जोडावे, हा नियम त्यातूनच आला. ऋण टोकाचा नट फिरवताना पाना पत्र्याला टेकला तरी दोन्हींचा विद्युतदाब सारखाच असल्याने काही घडत नाही, पण ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. एअरबॅग असलेल्या गाडीत ऋण टोक सोडवल्यानंतर, एअरबॅगच्या यंत्रणेत साठून राहिलेला विद्युतभार ओसरावा म्हणून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे लागते, आणि तिच्या तारांना, ज्यांचे कपलर किंवा आवरण सहसा पिवळ्या रंगाचे असते, टेस्ट लॅम्प लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा लागतो.

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो असा सार्वत्रिक समज आहे, पण त्याचे मुख्य काम तारेचे रक्षण करणे हे आहे. त्यामुळे त्याची जागा तारेच्या उगमाशी, म्हणजे बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. ॲम्प्लिफायर, म्हणजे डेककडून आलेला दुबळा संकेत स्पीकर हलवण्याइतका बलवान करणारे यंत्र, अनेकदा डिकीत बसवतात आणि सोयीसाठी फ्यूजही तिथेच लावतात. अशा वेळी बॉनेटपासून डिकीपर्यंतची चार-पाच मीटर तार कोणत्याही राखणीशिवाय राहते, आणि इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्याच्या भोकातून जाताना त्या धारेने तिचे आवरण कापले गेले तर गाडी पेटण्यास तेवढे पुरते. भोकात रबराचा ग्रोमेट बसवणे, उघड्या भागात तारेवर स्लीव्ह चढवणे आणि फ्यूज तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा न घालणे या तीन गोष्टींना पर्याय नाही. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा आणि हिरवा ३०चा असतो. लाल वारंवार उडतो म्हणून त्या जागी हिरवा घालणारा मनुष्य दोष दूर करत नाही, तो दोषाची खूण पुसून टाकतो.

तारेची जाडी हाही अंदाजाचा विषय नव्हे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. त्या हिशेबाने चार चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तारेतून ३० अँपिअर नेले तर वाटेतच सुमारे ०.६५ व्होल्ट गळतात, तर दहा चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती ०.२६ व्होल्टवर येते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण त्याच जाडीला तिचा रोध बराच अधिक असल्याने ती घ्यायचीच झाली तर एक पायरी जाड घ्यावी लागते. ‘५० वॅट गुणिले चार’ या डेकवरच्या छापील आकड्याचाही अर्थ असाच गणिताने उलगडतो. चालू इंजिनावर मिळणाऱ्या १४.४ व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या चार ओहमने भागले की ५२ वॅटच्या आसपास संख्या येते. ती उपकरणाची टोकाची मर्यादा असते, आणि स्वच्छ, अखंड आवाजासाठी प्रत्यक्षात वीस वॅटच्या आसपासच शक्ती हाती येते.

डेकच्या मागील तारांचे रंग बहुतांशी ठरलेले आहेत. पिवळी तार बॅटरीचा कायमचा पुरवठा आणते आणि घड्याळ व स्मृती टिकवते. लाल तार चावी फिरवल्यावरच जिवंत होते. काळी तार अर्थची. स्पीकरच्या जोड्यांत पांढरी पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या बाजूची असून त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती त्या जोडीतील ऋण तार होय. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे सहा-सात व्होल्ट विद्युतदाब असतो आणि संकेत त्या दोहोंच्या फरकातून निर्माण होतो. जुन्या गाड्यांत स्पीकरची ऋण तार पत्र्याला जोडण्याची पद्धत होती. तीच सवय नव्या डेकवर चालवली तर त्याची आउटपुटची आयसी जळण्याचा धोका असतो. गाडीचे मूळ वायरिंग न कापता जुळणारा कपलर वापरावा आणि प्रत्येक जोड क्रिम्प करून किंवा सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी, कारण नुसता पीळ देऊन टेप मारलेला जोड मे महिन्यातील बंद गाडीच्या उष्म्यात चिकटपणा सोडतो आणि एक दिवस डॅशबोर्डच्या आत उघडा पडतो.

अर्थचा जोड कसा करावा हे जवळून पाहण्यासारखे आहे. नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या आकाराची सपाट, जाड पत्र्याची जागा निवडून तिच्यावरचा रंग आणि प्रायमर सँडपेपरने घासायचा, तो पत्रा चांदीसारखा लखलखेपर्यंत. तारेच्या टोकाला गोल लग क्रिम्प करून तो त्या उघड्या धातूवर टेकवायचा, वर दातेरी वॉशर ठेवून बोल्ट आवळायचा, आणि जोड पक्का झाल्यावर त्याच्यावर बाहेरून रंगाचा हात फिरवायचा. सीटबेल्टचा बोल्ट कितीही सोयीचा वाटला तरी या कामासाठी सोडवू नये, कारण तो माणसाच्या जिवासाठी ठरावीक जोराने आवळलेला असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर खारी हवा आणि लांबलेला पाऊस मिळून निष्काळजीपणे केलेल्या अशा जोडाला लवकरच गंज चढवतात. गंजाचा रोध एका ओहमचा विसावा भाग इतकाच असला तरी २० अँपिअर प्रवाहाला तिथे एक व्होल्टचा उंबरठा लागतो, आणि तो उंबरठा प्रवाहाच्या चढउताराबरोबर सतत हलत राहतो.

आता आवाजातील दोषांकडे वळता येते. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओलहरींचे अस्तित्व सिद्ध केले ते विजेच्या ठिणगीच्या साहाय्याने, आणि पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक प्लगपाशी उडणारी ठिणगी हे तत्त्वतः त्याच जातीचे छोटे प्रक्षेपक केंद्र आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा रेडिओ बसवण्याइतकेच इंजिनाचा हा गोंगाट शमवण्याचे काम जिकिरीचे होते. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, त्यामुळे मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या संथ इंजिनात सेकंदाला सुमारे २७ ठिणग्या होतात आणि रेडिओवर त्या टकटकीसारख्या ऐकू येतात. आजच्या प्लगमध्ये काही हजार ओहमचा रोध अंतर्भूत असतो तो ही टकटक दाबण्यासाठीच. बदलताना बिनरोधाचे प्लग बसवले तर जुना उपद्रव परत येतो.

वेग वाढताच चढत जाणारी शीळ ही मात्र निराळ्या घराण्यातील आहे. अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही अनेक जण डायनॅमो म्हणतात, तीन फेजची प्रत्यावर्ती वीज निर्माण करतो आणि सहा डायोड तिला एकाच दिशेच्या विजेत बदलतात. हे रूपांतर पूर्ण गुळगुळीत नसते, मूळ वारंवारतेच्या सहापट वारंवारतेचे तरंग तिच्यावर उरतात. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो असे धरले तर ८०० फेऱ्यांवर हा तरंग १,२०० हर्ट्झचा आणि ३,००० फेऱ्यांवर ४,५०० हर्ट्झचा होतो, म्हणजे मानवी कान जिथे सर्वाधिक तीक्ष्ण असतो नेमक्या त्याच पट्ट्यात तो वावरतो. ख्यालाच्या आरंभी तानपुऱ्याचे चार सूर स्थिर होत असतात आणि गायक षड्ज लावत असतो; त्या शांत क्षणी एक्सलरेटरबरोबर वर सरकणारी ही शीळ सर्वांत क्रूर ठरते, कारण जो आधारस्वर अचल राहायला हवा त्याच्या शेजारी ती क्षणभरही एका जागी ठरत नाही.

ही शीळ संगीतात शिरते ती बहुधा परतीच्या वाटेनेच. डेकची अर्थ डॅशबोर्डमागे आणि ॲम्प्लिफायरची अर्थ डिकीत असली, तर त्या दोन जागांमध्ये विद्युतदाबाचा जो बारीक फरक असतो त्याला समान करण्यासाठी थोडा प्रवाह डेक ते ॲम्प्लिफायर जाणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून वाहू लागतो. याला ‘ग्राउंड लूप’, म्हणजे अर्थचे वेटोळे, म्हणतात. हळुवार आलापीच्या वेळी या केबलमधील संकेत काही मिलिव्होल्टच असतो, त्यामुळे गंजलेल्या जोडावरील त्या एका व्होल्टचा हजारावा अंश जरी त्यात मिसळला तरी तो स्पष्ट ऐकू येतो.

दोष शोधण्याची रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी क्रमाने चालावी लागते. इंजिन बंद करून डेक चालू ठेवल्यावर शीळ थांबली तर तिचा उगम अल्टरनेटरकडे आहे. इंजिन चालू असताना डेकचा आवाज शून्यावर आणूनही ती तेवढीच राहिली तर ती आवाजाच्या बटणापुढे कुठेतरी शिरत आहे. मग सिस्टिम बंद करून ॲम्प्लिफायरमधून आरसीए केबल काढून पुन्हा चालू करावे. आता शांतता असेल तर ॲम्प्लिफायर आणि त्याची वीज निर्दोष असून दोष केबलमध्ये किंवा डेकमध्ये आहे. सिस्टिम चालू असतानाच केबल काढल्या-घातल्याने डेकच्या आतील अर्थचा नाजूक दुवा जळण्याचा धोका असतो आणि त्यानंतर कितीही नवी केबल टाकली तरी शीळ जात नाही, म्हणून प्रत्येक वेळी बंद करण्याचा कंटाळा करू नये.

उपायही याच क्रमाने येतात. प्रथम दोन्ही अर्थचे जोड उकलून घासून पुन्हा आवळावेत. मग विजेची तार गाडीच्या एका कडेने आणि आरसीए केबल दुसऱ्या कडेने न्यावी, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे त्या काटकोनात ओलांडतील असे पाहावे. त्यानंतर ॲम्प्लिफायरचा ‘गेन’ तपासावा. गेन म्हणजे आलेला संकेत किती पट वाढवायचा याचे माप. ते आवाज वाढवण्याचे बटण समजून पूर्ण फिरवून ठेवले की संकेताबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. बाजारात मिळणारे नॉइज फिल्टर आणि अर्थचे वेटोळे तोडणारे लहान ट्रान्सफॉर्मर यांना स्थान आहे, पण ते सर्वांत शेवटी, कारण स्वस्त ट्रान्सफॉर्मर तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज खाऊन टाकतो आणि मूळ सैल जोड तसाच तापत राहतो.

या कलेची अडचण अशी की तिचे उत्तम काम डॅशबोर्डच्या मागे आणि गालिच्याखाली झाकले जाते, आणि ग्राहकाच्या नजरेला फक्त चकाकणारा पडदा आणि मोठा आवाज येतो. कारागिराची प्रामाणिकता न दिसणाऱ्या जागी घासलेल्या पत्र्यावर अवलंबून असते, आणि तिची कदर व्हायची असेल तर ग्राहकालाही थोडे जाणते व्हावे लागते. म्हणून नवी सिस्टिम बसवलेली गाडी ताब्यात घेताना प्रत्येक वाचकाने दोन गोष्टी आवर्जून दाखवायला सांगाव्यात: बॅटरीजवळचा फ्यूज कोठे आहे, आणि अर्थ कोणत्या बोल्टवर घेतली आहे. ज्याला ही दोन्ही उत्तरे बोटाने दाखवता येतात, त्याच्या हातची गाडी निर्धास्तपणे चालवावी आणि तिच्यातील गाणे निवांतपणे ऐकावे.