आठवा गडी

एप्रिल महिना जवळ आला कीं अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या चाहत्यांना भविष्य वर्तविण्याचा छंद जडतो, आणि त्या छंदाची लागण समुद्र ओलांडून आमच्यासारख्या कांहीं मराठी घरांनाहि झालेली आहे. एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेचे ३० संघ ऑक्टोबरपासून प्रत्येकीं ८२ साखळी सामने खेळतात. त्यांतून पूर्व व पश्चिम या दोन विभागांतले आठ-आठ संघ निवडले जातात आणि मग जूनपर्यंत त्यांची बाद फेरी चालते. प्रत्येक जोडींत सातांपैकीं चार सामने जो आधीं जिंकेल तो पुढें जातो. हरलेला घरची वाट धरतो. अशा चार जोड्या, म्हणजे सोळा विजय, पदरीं पडल्यावांचून अजिंक्यपद मिळत नाहीं. तें कोणाला मिळेल याविषयीं ज्याला कांहींच मत नाहीं असा चाहता मला अद्यापि भेटावयाचा आहे. मलाहि मत आहे. तेवढें येथें वाचकांपुढें ठेवतों.

या सुमारास लोक बहुधा दोन गोष्टी पाहतात. एक विजयांचा तक्ता, आणि दुसरी संघांतला पहिला गडी. तक्त्यावर विसंबून राहणारांना २०१६ सालाची आठवण दिली कीं ते जरा थबकतात. त्या वर्षीं गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघानें ८२ पैकीं ७३ साखळी सामने जिंकून विक्रम केला होता. अंतिम फेरींतहि तो ३-१ असा पुढें होता. तरीहि क्लीव्हलंडनें उरलेले तिन्ही सामने घेऊन अजिंक्यपद हिरावून नेलें. २०२३ सालीं तर सर्वांत अधिक, म्हणजे ५८ विजय मिळविणारा मिलवॉकीचा संघ आपल्या विभागांतील आठव्या क्रमांकाच्या मायामीकडून पहिल्याच फेरींत ४-१ असा गारद झाला. साखळी सामन्यांत आज एक प्रतिस्पर्धी, परवां दुसरा. कोणाचें वैगुण्य शोधीत बसावयास सवड नसते. बाद फेरींत तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे समोर उभा राहतो आणि घरांतली कोणती भिंत ओली आहे हें हात लावून लावून पाहतो.

माझा पुतण्या दुसऱ्या पंथाचा, म्हणजे पहिला गडी मोजणारा आहे. “काका, शेवटच्या पांच मिनिटांत चेंडू कोणाच्या हातांत असतो तेवढें पाहा. बाकीचे सगळे वऱ्हाडी!” असें तो मला दरवर्षीं ऐकवतो. त्याचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. बाद फेरी सुरू झाली कीं शिक्षक राखीव गड्यांना बाकावर बसवितात, सात-आठ जणांवरच सामना काढतात, आणि जो उत्तम असेल त्याला चाळीस-चाळीस मिनिटें खेळवितात. २०१६ चा क्लीव्हलंडचा विजय हा त्याच्या मतें लेब्रॉन जेम्स या एका पुरुषाचा पराक्रम होय.

माझी कसोटी मात्र निराळी आहे. बाद फेरीच्या आधीं मी प्रत्येक संघाचा आठवा गडी कोण हें विचारतों. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. सर्वोत्तम गडी चाळीस मिनिटें खेळला तरी आठ मिनिटें तो बसणारच. त्या आठ मिनिटांत संघ आपली जागा राखतो, कीं चाळीस मिनिटांची कमाई घालवून बसतो, यावर सामने फिरतात. शिवाय आठव्या गड्यावर भरंवसा नसला कीं शिक्षक पहिल्याला बसूं देत नाहीं, आणि मग त्या पहिल्याचे पाय मे महिन्यांत बोलूं लागतात.

२०२५ सालचीच उदाहरणें घ्या. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानें त्या वर्षीं फेब्रुवारींत लुका डॉन्चिच याला आणून लेब्रॉनच्या जोडीला बसविलें. एका घरांत दोन सूर्य! पहिला गडी मोजणारांना याहून अधिक काय हवें होतें? परंतु मिनेसोटाविरुद्धच्या चौथ्या सामन्यांत, २७ एप्रिल रोजीं, त्यांच्या शिक्षकानें उत्तरार्धाचीं चोवीसहि मिनिटें तेच पांच गडी मैदानावर ठेवले. एकदांहि बदल केला नाहीं. लेब्रॉनचें वय तेव्हां चाळीस वर्षांचें होतें. सामना ११६-११३ असा हातचा गेला, आणि ती जोडी लेकर्स ४-१ अशी हरले. त्या चोवीस मिनिटांत बाकावर बसून राहिलेल्यांचे चेहरे ज्यांनीं पाहिले त्यांना संघाची सारी कथा त्यांत वाचतां आली असती.

डेन्व्हरचें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. निकोला योकिच हा त्यांचा गडी या पिढींतल्या थोरांत मोजला जातो. २०२३ सालीं त्यांनीं आपलें पहिलें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां योकिचच्या मागें बाकावरून उठून येणारा ब्रूस ब्राऊनसारखा कामसू माणूस होता. त्याच उन्हाळ्यांत तो दुसऱ्या संघाकडे गेला. योकिच तोच राहिला. परंतु २०२४ सालीं मिनेसोटाविरुद्धच्या सातव्या सामन्यांत वीस गुणांची आघाडी गमावून डेन्व्हर दुसऱ्याच फेरींत बाहेर पडला. याला एकच कारण होतें असें मी म्हणत नाहीं. पण गेलेल्या माणसाची उणीव आघाडी निसटतांना जशी जाणवते तशी ती मिळवितांना जाणवत नाहीं.

उलट बाजूस ओक्लाहोमा सिटी पाहा. २०२४-२५ च्या हंगामांत त्यांनीं ६८ सामने जिंकले, तेहि त्यांचा उंचापुरा गडी चेट होल्मग्रेन दुखापतीमुळें निम्म्याहून अधिक सामन्यांना मुकला असतांना. शे गिल्जियस-अलेक्झांडर याला त्या वर्षींचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला हें खरें. पण डेन्व्हरविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यांत योकिचला अडविण्याचें काम बहुतांशीं ज्यानें अंगावर घेतलें तो अलेक्स कॅरूसो हा राखीव गडी होता, आणि योकिच त्याच्याहून अर्ध्या फुटानें उंच! तो सामना ओक्लाहोमानें १२५-९३ असा जिंकला.

त्यांच्याशीं अंतिम फेरींत गांठ पडली ती इंडियानाची. या संघाशीं आमच्याकडील लोकांचा एक धागा जुळलेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें मुंबईस वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहांत एन. बी. ए. चे भारतांतले पहिलेच दोन सामने झाले, ते इंडियाना व सॅक्रामेंटो या संघांचे. पुढें २०२२ सालीं याच दोन संघांत अदलाबदल होऊन टायरीज हॅलिबर्टन हा सॅक्रामेंटोहून इंडियानास आला. २०२५ च्या अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यांत एका सेकंदाचाहि तिसरा हिस्सा उरला असतां त्यानें चेंडू टोपलींत घातला आणि १११-११० असा विजय मिळविला. परंतु तिसरा सामना जिंकला तेव्हां २७ गुण केले ते बाकावरून आलेल्या बेनेडिक्ट मॅथुरिननें, आणि सहाव्यांत संघाकडून सर्वाधिक, म्हणजे २० गुण केले तेहि राखीव असलेल्या ओबी टॉपिननें.

येथें या कसोटीची दुसरी बाजू येते, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. पांचव्या सामन्यांत हॅलिबर्टनची पोटरी दुखावली होती. तरीहि तो सहावा खेळला, सातवाहि खेळला. सातव्याच्या पहिल्याच सत्रांत त्याच्या टाचेमागची मोठी शीर तुटली आणि तो जमिनीवर हात आपटीत पडला. त्याच बाद फेरींत मिलवॉकीचा डेमियन लिलर्ड आणि बोस्टनचा जेसन टेटम यांचीहि तीच शीर तुटली होती. आमच्या आईला खेळांतलें फारसें कळत नाहीं. ती चहा ठेवतां ठेवतां म्हणाली, “पाय दुखत होता म्हणतां, मग त्या पोराला उतरूं कां दिलें? घरांत दुसरें कोणी नव्हतें का?”

या प्रश्नाला पुतण्याजवळ उत्तर नव्हतें. आम्ही चाहते दुखऱ्या पायानें खेळणाराला वीर म्हणतों. घरींहि अंगांत ताप असतांना पंक्ति वाढणाऱ्या सुनेचें आपण कौतुक करतों, “घर तोलून धरलें हो!” म्हणतों, तिच्या हातांतली पळी घेण्यास कोणी कां उठलें नाहीं हें मात्र कोणी विचारीत नाहीं. हॅलिबर्टन गेल्यावर त्या संघांत उठणारे होते, हेंच इंडियानाचें भूषण. तो बाहेर गेल्यानंतरहि मध्यंतरास इंडियाना ४८-४७ असा पुढें होता. अखेर ओक्लाहोमानें १०३-९१ असा सामना व अजिंक्यपद जिंकलें. पण ज्यांनीं तें अर्धें युद्ध पाहिलें त्यांना राखीव गडी या शब्दाचा अर्थ नव्यानें कळला असेल.

ही कसोटी म्हणजे पंचांग नव्हे. क्लीव्हलंडजवळ त्या वर्षीं चांगले राखीव गडी होते, ६४ विजयहि होते, तरी दुखापतींनीं घेरलेला तो संघ इंडियानाकडून दुसऱ्या फेरींत ४-१ असा हरला. तीन मुख्य माणसें एकदमच जायबंदी झालीं तर कोणतें घर सांवरेल? आणि शेवटच्या पांच मिनिटांत चेंडू थोराच्याच हातीं असावा, हें पुतण्याचें म्हणणें मला मान्य आहे. त्याला माझें सांगणें एवढेंच आहे कीं, तो थोर गडी त्या पांच मिनिटांपर्यंत धडधाकट पायांनीं पोंचावा याची तजवीज इतरांनीं करावयाची असते.

म्हणून येत्या बाद फेरीपूर्वीं वाचकांपैकीं कोणी आपला संघ निवडणार असतील तर त्यांना माझी एक सूचना आहे. तक्ता पाहा, मोठें नांव पाहा; पण मार्च महिन्यांतला एखादा बिनमहत्त्वाचा सामना लावून दुसऱ्या सत्राच्या आरंभाकडे लक्ष द्या. त्या वेळीं थोर मंडळी बसलेलीं असतात. मैदानावर जे असतात ते धांवून मागें येतात कीं चालत येतात, चेंडू एकमेकांना देतात कीं स्वतःजवळ ठेवतात, आणि बसलेला थोर गडी त्यांच्याकडे पाहतो कीं टॉवेलांत तोंड घालून बसतो, एवढें पाहिलें म्हणजे त्या संघाविषयीं आपलें मत बनविण्यास बरीच सामग्री मिळते.