‘ध’ चा ‘मा’ कोणी केला?

माझा भाचा मित्रांसोबत ‘आर्स मॅजिका’ नावाचा खेळ खेळतो. 1987 साली अमेरिकेत निघालेला. 13व्या शतकातला युरोप, त्यात जादूगारांचा एक संघ, त्यांची घराणी, त्यांचे न्यायनिवाडे. त्यातले एक घराणे बाकीच्यांनी आरोप ठेवून कधीच संपवून टाकलेले असते. आरोप खरे होते की रचलेले, हे मोकळे ठेवले आहे. मग ही पोरे जुने गुप्त कागद शोधतात आणि तो अस्सल की बनावट यावर रात्रभर भांडतात. घरच्यांना हा पोरखेळ वाटतो. मला नाही वाटत. असाच एक कागद मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी 18 वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारले. चुलते रघुनाथरावांचा हुकूम ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. उर्दू शिकलेल्यांना ती लगेच पटते. तिथे एक नुक्ता वर दिला तर ‘खुदा’, खाली दिला तर ‘जुदा’!

यंदा एका मुलीने विचारले, “सर, बाईंनीच खोडलं हे कोणी पाहिलं?”

ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की रामशास्त्र्यांच्या चौकशीत मुहम्मद यूसुफ गारद्याकडचा मूळ कागद मिळाला आणि त्यात शब्द बदललेला दिसला. इथवर कागदाची साक्ष. पण तो कोणी बदलला? तिथे डफ कोणा साक्षीदाराचे नाव देत नाही, सर्वांचा तसा समज आहे एवढेच सांगतो. हदीस शिकणारा विद्यार्थी इथेच थांबेल. सनद कुठे आहे? कोणी कोणाकडून ऐकले? ‘सगळे म्हणतात’ ही सनद होत नाही. (मराठीतही सनद म्हणजे अधिकाराचा कागदच.)

गारदी म्हटले की काहींना फक्त यूसुफ आठवतो. सुमेरसिंग आणि खरगसिंगही त्याच टोळीत होते, हे जाता जाता.

रघुनाथरावांनी धरण्याचा हुकूम दिल्याचे स्वतः कबूल केले होते. पुढे 1775 मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला, तोही आमच्या नंदुरबारहून गाडीने काही तासांवर असलेल्या सुरतेत. तरी अटकेच्या मोहिमेमुळे मराठीत त्यांच्या नावाचा ‘राघोभरारी’ हा कौतुकाचा शब्द राहिला. बाईंच्या वाट्याला मात्र ती चिठ्ठी आली.

हल्ली गोष्ट सांगताना मी ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द जोडतो. घरी जाऊन सांगताना मुले नेमके तेवढेच गाळतात.