ऑल-माउंटन

डिसेंबरात (२०२५) सूनबाईंनी मला एका कामगिरीवर पाठवलं. "आई, तो नवीन स्कीज घ्यायला निघालाय. तुम्ही जा ना बरोबर. तुमच्यासमोर जरा तरी शहाण्यासारखा वागेल."

आता मी काय बोलणार? माझं उभं आयुष्य सातारा जिल्ह्यात मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. बर्फ मला ठाऊक तो रसवंतीवरचा आणि गोळेवाल्याकडचा. पण सूनबाईंच्या बोलण्यातली काळजी मला कळत होती, म्हणून स्वेटर, कोट, कानटोपी असा सगळा जामानिमा करून निघाले.

काळजीचं कारण असं. चिरंजीव डेन्व्हरला येऊन वीसेक वर्षं झाली. इथे आल्यावर तो स्कीइंग शिकला आणि त्यात पुरता बुडाला. २०२३ च्या मार्चमध्ये दुपारची शेवटची फेरी मारताना, सगळे दमून परतायच्या वेळी, अगदी हळू वेगात तो पडला. स्की जड बर्फात अडकली, पाय वळला आणि डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मग ऑपरेशन, कुबड्या आणि नऊ महिने व्यायाम. सूनबाईंनी घर, नोकरी, पोरांच्या शाळा आणि हा, असं सगळं एकटीने ओढलं. मी तेव्हा भारतातून व्हिडिओवर "तब्येतीला जप" एवढंच म्हणू शकत होते. गेल्या वर्षी त्याने भाड्याच्या स्कीजवर पुन्हा सुरुवात केली. आता त्याला स्वतःच्या हव्या होत्या.

दुकानात शिरले आणि थक्क झाले. भिंतभर स्कीज उभ्या. मला सगळ्या सारख्याच दिसल्या, फक्त रंग वेगळे. मुलगा म्हणाला, "आई, प्रत्येक बर्फाची स्की वेगळी असते." मी म्हटलं, "अरे, बर्फ तो बर्फ!" मग तो हौसेने सांगत बसला. (लहानपणी क्रिकेटबद्दल सांगायचा तसंच.)

ताजा पडलेला, पिठासारखा भुसभुशीत बर्फ म्हणजे पावडर. कोलोरॅडो समुद्रापासून फार दूर, म्हणून इथला बर्फ कोरडा आणि हलका. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत तोच ओला आणि जड पडतो. रात्री यंत्राने डोंगर विंचरून ठेवतात, त्यावर सकाळी कॉर्डुरॉय कापडासारख्या रेघा दिसतात आणि त्याला कॉर्डुरॉयच म्हणतात! दुपारपर्यंत शेकडो लोक जाऊन त्याच्या रेघा मोडतात, ताज्या बर्फाचे ढिगारे आणि चर होतात. तो क्रड. लोक त्याच त्याच जागी वळले की उंचवटे तयार होतात, त्यांना मोगल म्हणतात. मी कान टवकारले, पण औरंगजेबाशी त्यांचा काही संबंध नाही. वाऱ्याने घासून काचेसारखा झालेला कडक बर्फ वेगळा. आणि वसंतात दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारा दाणेदार बर्फ आणखी वेगळा. गंमत अशी की एकाच दिवसात, एकाच डोंगरावर यातले चार प्रकार भेटू शकतात.

मग माणसाने किती जोड घ्यायचे? ज्याला एकच घ्यायचा आहे त्याच्यासाठी ऑल-माउंटन नावाचा प्रकार आहे. मला हा लगेच कळला. आमच्या शाळेत एक गुरुजी होते. कोणी शिक्षक रजेवर गेला की हेडमास्तर त्यांना त्या तासाला पाठवायचे. गणित, भूगोल, पी. टी., काहीही. मुलं बिघडायची नाहीत, पण गणितातला हुशार पोरगा म्हणायचा, आमचे सर बरे. ऑल-माउंटन स्की म्हणजे तेच गुरुजी! सगळ्या वर्गांवर चालतात, पहिला नंबर कुठेच नाही.

पण त्यातही निवड असतेच. मुख्य आकडा कमरेचा. स्कीच्या मधोमध, बुटाखाली जी रुंदी असते तिला कंबर म्हणतात आणि ती मिलिमीटरात मोजतात. साधारण ८० ते १०० च्या दरम्यान ऑल-माउंटन. त्याहून अरुंद त्या कडक, विंचरलेल्या बर्फाच्या. झटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर येतात. रुंद त्या भुसभुशीत बर्फाच्या, होडीसारख्या वर तरंगतात. पण रुंद स्की कडक बर्फावर कडेवर उभी करायची तर पायाला, गुडघ्याला जास्त जोर लावावा लागतो. "गुडघा" हा शब्द आला आणि चिरंजीव पुढच्या स्कीकडे वळले.

दुकानातली मुलगी, असेल पंचविशीची, फार गोड होती. तिने दोन स्कीज तळाला तळ लावून माझ्या हातात दिल्या. मध्ये फट दिसत होती. "दाबा," म्हणाली. दाबल्यावर फट मिटली. ही कमान म्हणजे कॅम्बर. माणूस उभा राहिला की कमान सपाट होते आणि कडेची पोलादी धार लांबवर बर्फात रुतते. आणि टोकाकडे स्की लवकरच वर उचललेली असते, तो रॉकर. त्यामुळे नाक बर्फात घुसत नाही आणि वळणं सोपी होतात. हल्लीच्या ऑल-माउंटनमध्ये दोन्ही असतात, मध्ये कमान आणि टोकाला उचल. रॉकर असलेली स्की कडक बर्फाला थोड्याच लांबीत टेकते, म्हणून ती आहे त्यापेक्षा आखूड वाटते. एरवी हनुवटीपासून डोक्यापर्यंत कुठेतरी आपली लांबी, मग कसब आणि वेग बघून कमीजास्त करायची.

मला हे सगळं आवडायला लागलं होतं. इतक्यात चिरंजीवांची नजर एका जोडावर खिळली. नाव काय असावं? मंत्रा! जर्मनीच्या व्होल्कल कंपनीची स्की, कंबर ९६. आत लाकूड आणि टायटॅनल नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट. धातूमुळे वेगात स्की थरथरत नाही, क्रडमधून सरळ कापत जाते. पण ती ताठ असते. ती वाकवायला ताकद लागते, आणि माणूस दमला की ती दमत नाही. मुलीने हे शेवटचं वाक्य हसत सांगितलं, पण मला ते लागलं. दुपारची शेवटची फेरी आठवली.

मग तिने विचारलं, "तुम्ही दहा दिवस गेलात तर त्यातले किती दिवस ताजा बर्फ असतो?"

"निम्मे," चिरंजीव म्हणाले.

मी गप्प. मला कुठे काय माहीत? पण त्याच्या फोनमध्ये प्रत्येक दिवसाची नोंद असते. तिने ती बघायला सांगितली. गेल्या हंगामात हा चौदा दिवस गेला होता, आणि ताजा बर्फ मिळाला होता दोन दिवस. बाकीचे शनिवार-रविवार, धाकट्याचा क्लास संपेपर्यंत विंचरलेल्या उतारांवर. म्हणजे हा मनात एका डोंगरावर स्कीइंग करत होता आणि प्रत्यक्षात दुसऱ्या.

मुलगी समजुतीने म्हणाली, "सगळेच निम्मे म्हणतात."

मला आमच्या शाळेतले पालक आठवले. "मुलगा रोज चार तास अभ्यास करतो," असं शपथेवर सांगणारे. खोटं बोलत नसत बिचारे. तसं असावं असं त्यांना मनापासून वाटत असे.

शेवटी ट्रायलसाठी दोन जोड ठरले. एक मंत्रा, आणि एक ८८ कंबरेची, धातू कमी, जरा लवचीक. स्कीला बूट अडकवायची जी कळ असते ते बाइंडिंग. ते प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे लावून देतात. पडलो तर बूट सुटला पाहिजे, आणि उगाच सुटता कामा नये. त्यासाठी एक फॉर्म. वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, वय आणि स्कीअरचा प्रकार. पहिला म्हणजे सावकाश, सौम्य उतारावर, जपून. तिसरा म्हणजे वेगात, तीव्र उतारावर. दुसरा मधला. त्यावरून तक्त्यात बघून आकडा काढतात. तिसऱ्याचा आकडा मोठा, म्हणजे बूट उशिरा सुटणार. खाली सही, की वरील माहिती खरी आहे.

मी शेजारीच बसले होते. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या, दुसऱ्याच्या कागदावर नजर जातेच. प्रकार: तिसरा. वय: ४९.

अहो, मी कशासाठी आले होते अमेरिकेला? ऑक्टोबरात त्याचा पन्नासावा वाढदिवस झाला म्हणून! पन्नास सुपाऱ्या घेऊन मी स्वतः त्याला ओवाळलं होतं.

आता एक कबुली देते. जन्मतारखांच्या बाबतीत मी काही हरिश्चंद्र नाही. आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. नाव घालायला आलेल्या आईबापांना तारीख ठाऊक नसे, गुरुजी १ जून ठोकून देत. माझीही कागदोपत्री तारीख तीच. खरी, आई सांगायची ती, बेंदराच्या दुसऱ्या दिवशीची. पुढे मी स्वतः अशा तारखा रजिस्टरात लिहिल्या आहेत. म्हणून प्रथम वाटलं, एका वर्षाने काय होतंय?

पण भिंतीवर तो तक्ता लावलेला होता आणि माझा चष्मा नवा होता. त्यात लिहिलं होतं की पन्नास आणि त्यापुढच्या माणसाने एक ओळ वर जायचं. म्हणजे आकडा कमी, बूट लवकर सुटणार. हे एक वर्ष नुसतं कागदावरचं नव्हतं.

मी हळूच मराठीत म्हटलं, "अरे, पन्नास सुपाऱ्या मोजून आणल्या होत्या मी."

तो लाल झाला. म्हणाला, "आई, तेवढ्याने काही होत नाही. आणि कमी आकडा लावला की बूट मध्येच सुटेल." मुलीला मराठी येत नव्हतं, पण आकडे कळले असावेत. तिने शांतपणे सांगितलं की बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं. गुडघ्याची हमी कुठलंच बाइंडिंग देत नाही. पण चुकीच्या माहितीवर लावलेलं बाइंडिंग कशाचीच हमी देत नाही.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग भिंतीवरच्या एका जुन्या पोस्टरकडे बघत मुलगाच बोलायला लागला. शेन मॅकॉन्की नावाचा एक अचाट स्कीअर होता. भुसभुशीत बर्फ पाण्यासारखा असतो, मग स्कीही पाण्यावरच्या स्कीसारखी का नको, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यातून २००२ च्या सुमारास उलट्या कमानीची पहिली स्की बाजारात आली. आजचा रॉकर त्या कल्पनेतून पुढे आला. २००९ साली इटलीत तो कड्यावरून स्कीसकट उडी मारून पॅराशूट उघडण्याचा खेळ करत होता. ठरल्याप्रमाणे स्की वेळेवर सुटली नाही. ती सोडवेपर्यंत उशीर झाला.

"तो एकोणचाळीस वर्षांचा होता," मुलगा म्हणाला. मग त्याने ४९ वर काट मारली, ५० लिहिलं, आणि तिसऱ्याची खूण खोडून दुसऱ्यावर केली. मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते सुपाऱ्यांनी बोलून झालं होतं.

पुढच्या शनिवारी लव्हलँडला गेलो. मी खाली खिडकीशी कॉफी घेऊन बसले. सकाळी मंत्रा, दुपारी दुसरी. मंत्रावरून आला तेव्हा डोळे चमकत होते, आणि डावा गुडघा चोळत होता. दुसरीवरून आला तेव्हा नुसता हसत होता. तीनला म्हणाला, "चला घरी, आज शेवटची फेरी नको." तीच ८८ वाली घेतली, लांबी १७२. पूर्वीची १८० होती. सूनबाईंनी ती दारात बघितली, हात फिरवला, आणि "रंग छान आहे" म्हणाल्या. आमच्या घरात याला मंजुरी म्हणतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. परतताना त्याने मला बुटांच्या दुकानात नेलं. "आई, तुला इथल्या बर्फाचे बूट घेऊ." मी म्हटलं, "माझे आहेत ते ठीक आहेत." त्याने विचारलं, "तू नक्की कुठे कुठे चालतेस? आणि खरं सांग, आजवर घसरलीस का?"

आता आली का पंचाईत! आदल्याच आठवड्यात गॅरेजसमोरच्या उतारावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ बर्फावर मी चांगली आपटले होते. कमरेला काळंनिळं झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. फिरणं बंद करतील ही भीती. गुपचूप आयोडेक्स चोळत होते.

मी सांगून टाकलं. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "मग प्रकार कोणता लिहू?"

"पहिला," मी म्हटलं. "आणि वय खरं लिही. बेंदरापासूनचं."

बूट छान आहेत. रोज तीन फेऱ्या होतात. गॅरेजचा उतार मात्र कठडा धरूनच उतरते.