समोरासमोरचे दट्टे

यंत्रांविषयीं आम्हांस जें कांहीं कळतें तें बहुतेक पुस्तकी आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. हातांत पाना धरण्याचा योग आम्हांस फारसा आला नाहीं; परंतु छापील चित्रांतलीं इंजिनें न्याहाळण्याचा नाद मात्र लहानपणापासून आहे. नाटकांच्या षोकिनांचा जसा एखादा आवडता नट असतो, तसें आमचेंहि एक आवडतें इंजिन आहे. एकाच नळकांड्यांत दोन दट्टे समोरासमोर धांवून येतात आणि मधल्या भडक्यानें पुन्हां दोहों बाजूंस फेंकले जातात, त्या जातीचें डिझेल इंजिन तें हें. त्याची थोरवी आम्ही घरांतील मंडळींस इतक्या वेळां ऐकविली आहे कीं, जेवतांना ‘दट्ट्या’ हा शब्द आमच्या तोंडून निघाला म्हणजे मुलें पानावरून उठूं लागतात.

ही थोरवी थोडक्यांत अशी. नेहमींच्या इंजिनांत नळकांड्याचें एक तोंड दट्ट्यानें व दुसरें धातूच्या माथ्यानें बंद केलेलें असतें. आंत भडका उडाला कीं दट्ट्या हलतो. माथा जागचा हलत नाहीं. तो नुसता तापतो, आणि त्याची उष्णता पाण्यानें वाहून नेऊन फुकट घालवावी लागते. आमच्या इंजिनांत हा आळशी माथाच नाहीं. त्याच्या जागीं दुसरा दट्ट्या, आणि तोहि कामास जुंपलेला! जात्यावर दोघीजणी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढतात, तसा हा प्रकार. माथ्यावरच्या झडपाहि येथें नाहींत. नळकांड्याच्या एका टोंकाकडे हवा येण्याचीं भोंकें असतात, दुसऱ्या टोंकाकडे धूर जाण्याचीं. दट्टे दूर सरले कीं तीं आपोआप उघडतात व आंत शिरलेली ताजी हवा धुरास सरळ पलीकडे ढकलून देते. धुराकडील दट्ट्या दुसऱ्याच्या किंचित् पुढें चालतो, म्हणून धुराची वाट आधीं उघडते व आधींच मिटते. दोन्ही दट्ट्यांचे धक्के परस्परविरुद्ध असल्यामुळें हादरेहि कमी. कागदावर याहून सरळ यंत्र सांपडणें कठीण.

या कल्पनेस आकार देणाऱ्यांत जर्मनीचा ह्यूगो युंकर्स प्रमुख होय. १८९० नंतरच्या दशकांत त्यानें डेसाउ येथें ओखेलहॉयझर यांच्या सहकार्यानें या जातीचें गॅसवर चालणारें इंजिन सिद्ध केलें. त्याच सुमारास त्यानें गॅसची उष्णता मोजण्याचें उपकरण काढलें, आणि त्यांतूनच पुढें स्नानाचें पाणी तापविण्याचे त्याचे गॅसचे बंब निघाले. उष्णतेची नासाडी ज्याच्या डोळ्यांस खुपते, त्याला न्हाणीघर काय आणि इंजिन काय, सारखेंच! १९३३ सालीं नव्या नाझी राजवटीनें त्याचे कारखाने त्याच्या हातून काढून घेतले, आणि १९३५ सालीं आपल्या शहात्तराव्या वाढदिवशींच तो वारला.

त्याच्या कारखान्याचें ‘युमो २०५’ हें विमानाचें इंजिन: सहा नळकांडीं, बारा दट्टे, खालींवर दोन क्रँक. हें इंजिन बसविलेल्या डॉर्नियर जातीच्या एका जलविमानानें १९३८ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून ब्राझीलपर्यंत ८,३९१ किलोमीटर न थांबतां उड्डाण केलें. परंतु हेंच इंजिन लढाऊ कामगिरीच्या विमानांत बसवितांच कुरकुरूं लागलें. घटकेंत वेग वाढवा, घटकेंत कमी करा, ही लढाईंतील धांदल त्यास मानवेना. तेव्हां त्या विमानांत पुढें पेट्रोलचीं इंजिनें घालावीं लागलीं. एका चालीनें दूर जाणाऱ्यांशीं मात्र त्याच्या जातीचें सूत जमलें. संडरलंड येथील डॉक्सफर्ड कारखान्याचें तसलें इंजिन घेऊन पहिलें जहाज १९२१ सालीं समुद्रावर गेलें व तो कारखाना तीं इंजिनें १९८० पर्यंत बनवीत राहिला. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या कित्येक पाणबुड्या फेअरबँक्स-मोर्सच्या अशाच इंजिनांवर चालल्या.

आमचें विशेष प्रेम मात्र इंग्लंडांतील ‘डेल्टिक’वर. तीन क्रँकांचा त्रिकोण, त्याच्या बाजूंवर अठरा नळकांडीं आणि त्यांत छत्तीस दट्टे! अशीं दोन दोन इंजिनें पोटांत घेऊन ३,३०० अश्वशक्तीच्या बावीस आगगाड्या १९६१ पासून सुमारें वीस वर्षें लंडन-एडिंबरो मार्गावर धांवल्या. इंजिन बिघडलें तर आगारांत उकलीत बसत नसत. सबंध इंजिन उचलून दुसरें बसवीत, व बिघडलेलें कारखान्याकडे धाडीत. ही व्यवस्था आम्ही आजवर कौतुकानेंच सांगत आलों होतों.

गेल्या दिवाळींत आम्ही सहकुटुंब अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, गेलों. तेथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहण्याचा मुलांचा हट्ट होता. बरोबर आमचे मामा होते. मामांनीं तरुणपणीं लष्करी कर्मशाळेंत कारागिरी केली, एवढें आम्हांस ठाऊक होतें. त्यापुढें आम्ही कधीं विचारलें नव्हतें. ‘विजयंता’ रणगाड्यापुढें येतांच आमच्या अंगांत व्याख्यान संचारलें. विकर्सच्या आराखड्यावरून हा मद्रासेजवळ आवडी येथें बनूं लागला. याच्या पोटांत लेलंडचें एल-६० इंजिन, सहा नळकांडीं, बारा दट्टे, माथा नाहीं, ५३५ अश्वशक्ति, इत्यादि इत्यादि. मामा ऐकत होते. रणगाड्याच्या मागच्या अंगास, जेथें इंजिन असतें तेथें, त्यांनीं हळूच हात ठेवला.

“सगळें बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण तुझ्या चित्रांत तें नेहमीं चालूंच असतें ना रे?”

आम्हांस उत्तर सुचेना. मग तेच सांगूं लागले. नळकांडें गळूं लागलें म्हणजे सबंध इंजिन उचलून बाहेर घ्यावें लागे. उकललें तर दोन्ही क्रँक एकमेकांशीं पुन्हां जुळवावे लागत. एका दांत्याची चूक झाली कीं सगळी मेहनत वायां. “माथा नाहीं म्हणतोस, तो आमचाच होता,” एवढेंच ते हंसून म्हणाले. त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. “आणि जुळून आलें म्हणजे? तो आवाज ऐकत बसावेंसें वाटे. चहा आलेला निवून जाई.”

या इंजिनानें ब्रिटिशांच्या ‘चीफ्टन’ रणगाड्यांतहि फार पीडा दिली, योजलेली शक्ति गाठण्यास त्यास वर्षानुवर्षें लागलीं, हें आम्ही वाचलें होतें. वाचलें होतें, आणि अपवाद म्हणून बाजूस ठेवलें होतें. डेल्टिक कारखान्याकडे परत धाडीत, त्याचा अर्थहि आम्हांस त्या रणगाड्यापुढें उमगला. इंजिनाचे भाग कमी झाले खरे. पण जे उरले ते सांभाळणारा हात अधिक जाणता लागला, आणि असे हात जेथें जवळ होते तेथेंच ह्या यंत्राचें नांव झालें. युंकर्सच्या जन्ममृत्यूची तारीख एकच, हें आम्हांस तोंडपाठ. आणि आमच्याच घरचा एक मनुष्य ह्या यंत्राच्या सेवेंत तारुण्य घालवून आला, हें आम्हांस साठीच्या घरांत कळावें! या गोष्टीची लाज आम्हांस परतीच्या वाटेवर पुष्कळ वाटली.

आमचें प्रेम उणावलें नाहीं. अमेरिकेंत २००४ सालीं स्थापन झालेल्या एका कंपनीनें मालमोटारींसाठीं तीन नळकांड्यांचें व सहा दट्ट्यांचें असलेंच इंजिन बनवून चालवून दाखविलें, हें वाचून आम्हांस आनंदच झाला होता. मात्र तसलें कांहीं वाचलें कीं त्याची दुरुस्ती कोण व कोठें करील, हें आतां आम्ही आधीं शोधतों.

त्या रात्रीं जेवतांना मामांनीं भाताच्या दोन मुदी समोरासमोर मांडून मुलांस हवा कोणीकडून येते व धूर कोणीकडून जातो तें दाखविलें. ‘दट्ट्या’ हा शब्द निदान वीस वेळां आला. एकहि मूल पानावरून उठलें नाहीं.