जन्मतारीख कुणाच्या ताब्यात?

कार्यालयातले डेटाबेस नीट लावून द्यायचं काम आलं, की सुरुवातीचे काही दिवस मी एकाही फायलीत बदल करत नाही. नुसती बघते. सामायिक ड्राइव्हवर फोल्डरात फोल्डर असतात. त्यांत ‘स्टाफ मास्टर’ असतं, ‘स्टाफ मास्टर नवीन’ असतं, ‘फायनल’ असतं आणि एखादी फाईल कुणाच्या तरी आडनावाची असते. ते गृहस्थ कधीच निवृत्त झालेले असतात, पण फाईल रोज उघडली जाते. यातली खरी वापरातली कोणती, हे विचारून कळत नाही, कारण प्रत्येक जण प्रामाणिकपणे आपलीच सांगतो.

ॲक्सेस या प्रणालीतला डेटाबेस कुणी उघडला की शेजारी त्याच नावाची एक छोटीशी लॉक फाईल तयार होते. जुन्या आवृत्त्यांत ती एलडीबी असायची, २००७ पासून एलएसीसीडीबी. ती नोटपॅडमध्ये उघडली तर डेटाबेस वापरणाऱ्या संगणकांची नावं दिसतात. दिवसातून दोन-तीनदा ती पाहत गेलं, की कोणती फाईल कोण वापरतं ते उमजायला लागतं. दुसरा धागा डेटाबेसच्या आतच असतो. तिथे एमसिसऑब्जेक्ट्स नावाचं एक लपवलेलं टेबल असतं. दुसऱ्या फायलीतून जोडून घेतलेल्या प्रत्येक टेबलाची नोंद, मूळ फायलीच्या पूर्ण पत्त्यासह, त्यात सापडते. हे सगळं मी मोठ्या कागदावर पेन्सिलीने बाण काढून मांडते. वेतनाची फाईल आस्थापनेच्या फायलीवर टेकलेली, आस्थापनेची सेवाज्येष्ठता यादीवर, आणि ती यादी फिरून वेतनावरच, असं वर्तुळ बऱ्याचदा निघतं.

या कागदाकडे पाहताना मला लोकांचा राग येत नाही. त्यातली प्रत्येक जादा प्रत कुणाचं तरी काम अडलं म्हणून निघालेली असते. वेतन देयक आजच जायचंय, आस्थापनेची फाईल दुसऱ्याने उघडून ठेवलीय आणि तो जेवायला गेलाय. किंवा टेबल जोडलेलं आहे ‘झेड’ ड्राइव्हच्या पत्त्यावर, आणि आपल्या संगणकावर तोच ड्राइव्ह ‘एस’ नावाने दिसतो, म्हणून जोडणी तुटलीय. अशा वेळी माणूस टेबलाची प्रत काढून घेतो आणि पगार वेळेवर करतो. पुढच्या महिन्यात तो त्याच प्रतीत दुरुस्त्या करतो. ती अडचण जोवर तशीच आहे, तोवर प्रती कितीही पुसा, पुन्हा उगवणारच.

एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात हे काम करत होते. अनुदानित शाळा, शेकडो शिक्षक, आणि त्यांच्या जन्मतारखा तीन फायलींत. अनुदानित शाळेतला शिक्षक ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसं फार. एका पिढीची शाळेत नाव घालताना गुरुजींनी हीच तारीख टाकलेली. म्हणून तारखेनुसार मोजणी केली की १ जूनला उंच ढीग दिसायला हवा. तीनपैकी एका फायलीत तो निम्म्यावर आला होता, आणि ६ जानेवारीला एक नवा ढीग उभा होता.

कारण उमगायला वेळ लागला नाही. कुणीतरी तारीख भरण्याचा फॉर्म बनवताना कोडमध्ये ती तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये जशीच्या तशी ठेवली होती. तिथे ॲक्सेस तारीख अमेरिकी पद्धतीने वाचतो, आधी महिना, मग दिवस. ०१/०६ ची झाली ६ जानेवारी. दिवस १२ च्या पुढचा असेल तर महिना तेवढा असूच शकत नाही, म्हणून ती तारीख बरोबर वाचली जाते. त्यामुळे बऱ्याचशा नोंदी बिनचूक दिसतात आणि कुणाला शंका येत नाही. १ जून १९६६ चा जन्म असलेला शिक्षक निवृत्त होणार ३१ मे २०२४ ला. या फायलीप्रमाणे ३१ जानेवारीलाच. चार महिन्यांचा पगार, पुढे निवृत्तिवेतनाची कागदपत्रं, एका कुटुंबाचा सगळा हिशेब त्या दोन अंकांवर.

कोणती फाईल खरी, हा वाद सुरू झाला, तेव्हा मी सेवापुस्तकं काढायला सांगितली. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी असते आणि तिच्याखाली अक्षरीही. ‘एक जून एकोणीसशे सहासष्ट’ असं शाईने लिहिलेलं कुठलंही यंत्र उलटं वाचू शकत नाही. आम्ही एकेक पान उघडून संशयित तारखा ताडून पाहिल्या.

एडगर कॉडने १९७० साली आयबीएममध्ये असताना ज्या निबंधात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, त्याच्या शीर्षकातच मोठ्या, सामायिक माहितीसाठ्यांचा उल्लेख आहे. माहिती आत कशी ठेवलीय हे वापरणाऱ्याला ठाऊक असावं लागू नये, हा त्याचा आग्रह होता. एकाच गोष्टीची पुनरुक्ती आणि तिच्यातून येणारी विसंगती यांनाही त्याने त्या निबंधात वेगळा विभाग दिला. त्याचे नियम मी रोज वापरते आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जन्मतारीख एकाच टेबलात हवी, इथवरच ते नियम आणून सोडतात. ते टेबल कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे कार्यालयाला स्वतः ठरवावं लागतं, आणि माझ्या अनुभवात अवघड काम तेच.

त्यासाठी मी सगळ्यांना एकत्र बसवते. कागदावर एकाखाली एक लिहायचं: जन्मतारीख, रुजू दिनांक, प्रवर्ग, खाते क्रमांक, पत्ता. प्रत्येकासमोर एकाच शाखेचं नाव. बाकीच्यांनी ती माहिती बघायची, वापरायची, बदलायची नाही. त्या शिक्षणसंस्थेत वेतन शाखेतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही माझी फाईल बंद कराल आणि एक तारखेला पगार अडला, तर बोलणी मला खावी लागतात.” त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. “तुमची फाईल दोन पगार निघेपर्यंत तशीच राहील,” मी म्हटलं, “आणि खाते क्रमांक तुमच्याकडेच. तो बदलायचा अधिकार दुसऱ्या कुणालाही नाही.” खाते क्रमांकाची त्यांना चांगलीच जाण होती. सुरुवातीची शून्यं एक्सेल गिळतो आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतो, म्हणून तो रकाना मजकूर म्हणूनच ठेवायचा, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

मग उरतं ते यंत्राचं काम. ॲक्सेसला वेगळा सर्व्हर नसतो. प्रत्येक संगणकावरचं इंजिन नेटवर्कवरून थेट फायलीत लिहितं, आणि मध्येच वीज गेली की फाईल बिघडू शकते. म्हणून टेबलं तेवढी सामायिक ड्राइव्हवर ठेवायची, फॉर्म आणि अहवाल प्रत्येकाच्या संगणकावर. जोडणीत ड्राइव्हचं अक्षर नको, सर्व्हरचं पूर्ण नाव हवं. पसारा २ जीबीच्या जवळ पोचत असेल, तर टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर न्यावीत.

मराठी नावांना मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. वसईकडच्या शाळेतली ‘ॲग्नेस’ दोनदा दिसत होती. एकदा ॲ हे एकच अक्षर म्हणून टाइप केलेलं, एकदा अ लिहून त्यावर चंद्र दिलेला. पडद्यावर दोन्ही सारखीच, यंत्राच्या लेखी दोन वेगळ्या बाई. ‘कऱ्हाडकर’मधल्या ऱ्ह चीही तीच कथा. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने हे जुळत नाही, बदलाची यादी स्वतः लिहावी लागते. वसईकडच्या शाळांचा जिल्हा जुन्या नोंदींत ठाणे होता, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तिथे जुनं नाव पुसून नवं भरणं मला मान्य नाही. तेव्हाची नेमणूक ठाणे जिल्ह्यातलीच होती. जिल्ह्याला कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत असे दोन रकाने जोडले.

जुन्या फायली मी पुसत नाही. फक्त वाचता येतील अशा करून, पुढचं लेखापरीक्षण होईपर्यंत वेगळ्या फोल्डरात ठेवते. आणि काही महिन्यांनी परत गेले, की कुणाकुणाकडे पुन्हा खासगी याद्या तयार झालेल्या असतातच. त्या मी आवर्जून मागून घेते. गेल्या खेपेला एका तरुण लिपिकाच्या एक्सेलमध्ये ‘सुट्टीत कुठे’ असा रकाना होता, कारण मे महिन्यात शिक्षक गावी जातात आणि नोंदवलेला फोन लागत नाही. हा रकाना आमच्या टेबलात नव्हताच. तो जोडला, आणि भरायची जबाबदारी त्याच्याच नावावर लिहिली.